तारसाहेबांचा शिकाऊ

ते टेलिफोनवर कधीही ‘हॅलो’ म्हणत नसत. रिसीव्हर कानाला लावून स्वस्थ उभे राहत. पलीकडचा माणूस ओरडून दमला की म्हणत, “आहो ना जी, इथंच आहो. तार ऐकून राहिलो होतो.” माणसाचे बोलणे त्यांना दुय्यम वाटे. तारेची खरखर, घंटा वाजल्यापासून उत्तर येईपर्यंतचा रिकामा वेळ, बोलण्याआधी घेतलेला श्वास, यांत त्यांना अधिक रस होता.

हुद्द्याने ते रेल्वेचे टेलिफोन इन्स्पेक्टर होते. लोक त्यांना तारसाहेब म्हणत. मीही तेच नाव वापरतो. पांढुर्ण्यात क्वार्टर रिकामे नव्हते, म्हणून त्यांना जवळच्या आमच्या लहान स्टेशनावर जागा मिळाली. त्या स्टेशनाचे नाव मी लिहीत नाही. आता तेथे गाड्या थांबत नाहीत. मी तेथे तिकिटे आणि पार्सल सांभाळीत असे. आमच्या दोन क्वार्टरांमध्ये एक भिंत सामाईक होती. ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षे होती ती.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असे. चहा ते त्याच टेस्टरने ढवळीत, शर्टाला पुसून तो परत खिशात ठेवीत. माझ्या पत्नीने मुद्दाम बशीत चमचा ठेवून पाहिला. त्यांनी चमचा उचलला, त्याची नक्षी वाखाणली आणि बाजूला ठेवला. सायकलवर पँट अडकू नये म्हणून लावायची क्लिप ते पायी चालतानाही काढीत नसत. एका लग्नाच्या पंगतीतही ती त्यांच्या पायावर होती. हाताखाली लाइनमन असताना खांबावर स्वतः चढत. “खाली उभं राहून तार समजत नाही,” असे म्हणत. पन्नाशी उलटलेली होती.

आमच्या दारावर टकटक करून ते कान देऊन उभे राहत. दार उघडले की निदान सांगत.

“वहिनी, आज कडी काढायले वेळ लागला. पार्सलबाबूवर रागावून दिसता.”

“काही नाही भावजी, कणीक भिजवून राहिली होती मी.”

“कणकीचा उशीर वेगळा असते.”

पत्नी पदर तोंडाला लावून आत जाई. बहुतेक वेळा त्यांचे निदान खरे असे, हे मला मान्य करावे लागते.

त्यांच्या पत्नी सौंसरच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि तेथेच राहत. तारसाहेब शनिवारी बसने जात, सोमवारी परतत. “सौंसरचं दार वाजवायच्या आधीच उघडते,” एवढेच ते संसाराविषयी बोलल्याचे मला आठवते.

एकदा ते सौंसरहून परतताना टेलिव्हिजन घेऊन आले. कॉलनीत तोवर तो कोणाकडेच नव्हता. त्या संध्याकाळी बायकामुले चटया घेऊन त्यांच्या खोलीत जमली. पडद्यावर पांढरे आकडे वरून खाली सरकत होते. टेलिव्हिजनला एक काळा कळफलक जोडलेला होता आणि कळफलकाला टेपरेकॉर्डर. मुंबईच्या एका मित्राने वापरून टाकलेला तो लहानसा संगणक होता.

“साहेब, सिनेमा काहून नाही लावत?” पॉइंट्समनच्या बायकोने विचारले.

“हाच सिनेमा आहे, बाई. नीट पाहा, यात चोर आहे.”

लोकांनी थोडा वेळ चोराची वाट पाहिली आणि चटया गुंडाळल्या.

चोर मात्र खरा होता. त्याची हकीकत अशी.

आमच्या स्टेशनापासून काही अंतरावर संत्र्याच्या बागांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटक होते. गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तर फाटकावर फोन करी. गेटमनने फाटक बंद करायचे, कुलूप लावायचे, आणि मग आपल्या कागदावरचा पुढचा प्रायव्हेट नंबर सांगायचा. हा नंबर म्हणजे ‘फाटक बंद आहे’ याची त्याने दिलेली ग्वाही. मास्तर तो लिहून घेई आणि सिग्नल देई. एकदा फाटकावरून उलट फोन आला: फाटक तुटले आहे, मालगाडी थांबवा. नंबरही सांगितला गेला; गेटमनचा कागद मास्तरांकडे नसल्याने तो पडताळता येत नसे. मास्तरांनी गाडी रोखली. ती शेतांच्या मधोमध उभी राहिली आणि तिच्यातून साखरेची पोती गेली. गेटमन शपथ घेऊन सांगत होता की त्याने रिसीव्हर उचललाच नव्हता. कोणी विश्वास ठेवला नाही. तारसाहेब खांबामागून खांब चढत गेले आणि एका खांबावर त्यांना तारेवर ताजे ओरखडे सापडले. कोणीतरी तेथे आपला फोन अडकवून गेटमनच्या आवाजात बोलले होते.

गेटमन सुटला. तारसाहेब मात्र तेव्हापासून अस्वस्थ झाले.

“पार्सलबाबू, नंबर कोणीही सांगू शकते. आवाजाची नक्कल होते. सवयीची होत नाही.”

त्यांचा विचार सरळ होता. घंटा वाजल्यावर गेटमन किती वेळाने रिसीव्हर उचलतो, उचलल्यावर किती वेळाने नंबर सांगतो, कोणत्या गाडीला, कोणत्या प्रहरी, याची त्या फाटकाला एक सवय असते. ती सवय यंत्राला शिकवायची. नंतर सवयीबाहेरचे काही घडले की यंत्राने घंटी वाजवायची. मी म्हणालो, यंत्राला कोण शिकवणार? त्यांनी माझ्यासमोरची संत्र्याची पेटी दाखवली.

“ही उचलून वजन सांगा.”

मी सांगितले. काट्यावर तेवढेच भरले.

“हे तुमाले कोणत्या मास्तरनं शिकवलं?”

“कोणी नाही. पेट्या उचलून उचलून येते.”

“बस. मी त्यालेही पेट्या उचलायले लावून राहिलो.”

स्टेशनच्या मागच्या खोलीत त्यांनी यंत्र मांडले. टेलिफोनच्या तारेपासून एक जोडणी आत घेतली. कोपऱ्यात सायकलची घंटी बसवली. यंत्राचे नाव त्यांनी ‘शिकाऊ’ ठेवले. नव्या भरतीच्या माणसाला आमच्याकडे तसेच म्हणतात. पूर्ण संत्र्याचा हंगाम शिकाऊ नुसता ऐकत होता. तो तापला की तारसाहेब पार्सलच्या पुठ्ठ्याने त्याला वारा घालीत. “आज दमला,” म्हणत. हमाल हसत. “साहेब, त्याले दूध-गिध पाजा,” असेही म्हणत. तारसाहेबांना थट्टा कळत नसे किंवा कळूनही ते तिची दखल घेत नसत.

हंगाम संपल्यावर त्यांनी घंटी जोडली. थोड्याच दिवसांत ती वाजली. तारसाहेब सायकलवर बसून रुळालगतच्या पायवाटेने निघाले. फाटकाच्या अलीकडच्या खांबावर फोन लोंबकळत होता. खाली चपलांचा एक जोड पडला होता. माणसे पळाली होती. गाडी वाचली. त्या दिवसापासून हमाल हसेनासे झाले. स्टेशनमास्तर येता-जाता मागच्या खोलीत डोकावून विचारू लागले, “शिकाऊ काय म्हणतो?” तारसाहेब त्या आठवड्यात शनिवारची वाट न पाहता सौंसरला जाऊन आले. असे पुन्हा कधी घडले नाही.

पुढे फाटकावरच्या तीन गेटमनांपैकी एकाची बदली झाली आणि झिबल आला.

झिबल मोहगावचा. उंच, खांद्यात वाकलेला, आवाज फाटका. नियमपुस्तक त्याला तोंडपाठ होते आणि तो ते प्रत्येकाला ऐकवी. कॉलनीच्या नळाविषयी त्याने माझ्याविरुद्ध अर्ज केला. मास्तरांच्या बकरीविषयीही केला. चौदा एप्रिलची रजा मागताना तो विनंती करीत नसे, कलम सांगे. फाटकावर ट्रकवाल्यांशी त्याची रोज भांडणे होत. त्याच्याविषयी वाईट ऐकायला कॉलनी तयारच होती.

झिबलची पाळी सुरू झाली की शिकाऊची घंटी वाजे. प्रत्येक गाडीला वाजे. बाकी दोघांच्या पाळीत शांतता. पहिल्या दिवशी तारसाहेब सायकलने फाटकावर धावले. खांबावर काही नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हाही नव्हते. मग त्यांनी झिबलला स्टेशनवर बोलावले. मी तेथे होतो.

“नंबर द्यायले तुले इतका वेळ काहून लागते?”

“फाटक लावतो ना जी. तुमी काय समजता, गाणं म्हणतो?”

“बाकीचेही लावतात. त्याइले नाही लागत.”

“मंग त्याइले पुसा. मले काहून पुसता?”

मास्तर ओरडले, “साहेबांशी नीट बोल!” झिबलने त्यांना वरिष्ठांनी कनिष्ठांशी कसे बोलावे याचे कलम सांगितले. बोलणे तेथेच संपले. त्याने खरे उत्तर दिले होते. ते उत्तर आहे असे कोणालाच वाटले नाही, सर्वांना तो उद्धटपणा वाटला.

तारसाहेबांचा तर्क असा झाला: नंबर देण्यापूर्वी हा माणूस कोणाची तरी वाट पाहतो. तो चोरांना सामील आहे. त्यांनी तसा अहवाल पाठवला. शिकाऊने आधी एक चोरी टाळलेली होती, त्यामुळे वरच्या कार्यालयानेही फार विचार केला नाही. झिबल निलंबित झाला. त्याची बायको मजुरीला बागांत जाऊ लागली. तो स्वतः रोज सकाळी गणवेश घालून फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसे. कोणाशी बोलत नसे. भांडतही नसे.

घंटी थांबली. तारसाहेब समाधानी दिसत.

महिन्याभराने वाऱ्याने फाटकाजवळची तार सैल झाली. नेहमीप्रमाणे ते स्वतः खांबावर चढले. पुढचे त्यांनीच मला सांगितले. खाली गेटमनच्या खोलीतला फोन वाजला. गेटमनने लगेच उचलला, लगेच नंबर सांगितला. शिकाऊच्या मते अगदी सवयीप्रमाणे. तारसाहेबांनी वरून पाहिले. फाटक उघडे होते. नव्या हंगामातल्या संत्र्यांचा एक ट्रक रुळांवर होता, त्यामागे दुसरा आणि एक बैलगाडी. गेटमन सावकाश बाहेर आला, ट्रकवाल्याकडून बिडी घेतली, वाहने जाऊ दिली आणि इंजिनाची शिट्टी ऐकू आल्यावर फाटक ओढले.

ते खांबावरून उतरले नाहीत. पुढच्या गाडीला काय होते ते पाहिले. तसेच झाले. लाइनमन खालून हाका मारत होता.

हंगामात ट्रकांची रांग लागे, फाटक बंद ठेवले की शिवीगाळ होई. म्हणून नंबर आधी द्यायचा आणि फाटक मागाहून लावायचे, हा तेथला रिवाज पडून गेला होता. नेमका तोच हंगाम शिकाऊने ऐकला होता. झिबल मात्र रिसीव्हर ठेवून जाई, दोन्ही बाजू बंद करी, कुलूप लावी, परत येई आणि मग नंबर देई. त्यासाठी वेळ लागे.

ते थेट पार्सल ऑफिसात आले. हात काळे होते. चहा घेतला नाही.

“बाबू, तुमचा काटा पहिल्या दिवसापासून खोटा असता, तर तुमचा हात काय शिकला असता?”

मी म्हणालो, खोटेच शिकला असता.

“अन् मंग खरं वजन आलं असतं, तर?”

त्यांना उत्तर नकोच होते.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी वर लिहिले, आणि चौकशीसाठी एक अधिकारी आले. माझे अक्षर बरे म्हणून जबाब लिहायला मला बसवले. अधिकारी सभ्य होते. तारसाहेब उभे राहूनच बोलले.

“यंत्रात बिघाड नाही. त्याला जे दाखवलं ते ते नीट शिकलं. मी खोट्याला खरं म्हणून दाखवलं. झिबल निर्दोष आहे.”

“म्हणजे बाकीचे गेटमन फाटक उघडं ठेवून नंबर देतात, असं आपलं म्हणणं आहे?”

“मी पाहिलं.”

“आणि स्टेशनमास्तर ते नंबर घेतात.”

मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. अधिकाऱ्यांनी मला लेखणी खाली ठेवायला सांगितले.

“साहेब, हे लिहिलं तर चौकशी मोठी होईल. सगळ्या फाटकांची होईल. वर्ष जाईल, दोन जातील. तोवर झिबल बाहेरच. दुसरा मार्ग आहे. आपण लिहून द्या की यंत्र सदोष आहे, त्याच्या घंटीवर विश्वास ठेवू नये. झिबल उद्या कामावर.”

तारसाहेबांनी विचारले, “आणि फाटक?”

“फाटकाविषयी मी तोंडी ताकीद देईन.”

खिडकीतून फलाटाचे टोक दिसत होते. बाकावर झिबल गणवेशात बसला होता. तारसाहेबांनी तिकडे पाहिले. मग खिशात हात घातला. टेस्टर हाती आला. तो परत ठेवून त्यांनी माझ्याकडे पेन मागितले.

जे वाक्य त्यांनी लिहिले ते खोटे होते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी आयुष्यात खोटे असे तेवढेच लिहिले.

झिबल कामावर रुजू झाला. शिकाऊ, टेलिव्हिजन आणि टेपरेकॉर्डर एका खोक्यात भरून वर जमा करण्यात आले. ताकीद तोंडी दिली गेली आणि हंगामाबरोबर विसरली गेली. पुढच्याच थंडीत पुन्हा एक मालगाडी शेतांत थांबवली गेली. या वेळी घंटी वाजवायला कोणी नव्हते.

खोके गेले त्या संध्याकाळी झिबल तारसाहेबांच्या दारात आला. मी अंगणात होतो. तो नमस्कार करायला आला असेल असे मला वाटले. त्याने नमस्कार केला नाही.

“साहेब, तुमी माह्याखातर मशीनले खोटं पाडलं म्हन्ते. खरं काय?”

“खरं आहे.”

“मी कुठं म्हटलं होतं पाडा म्हणून? मले इचारलं काय कोनी?”

“तुझी नोकरी जात होती, झिबल.”

“थे मी पाहून घेतलं असतं. कलम हाय ना.” मग त्याने विचारले, “मशीनले अक्कल हाय का नाही?”

“आहे. शिकवणाऱ्याले नव्हती.”

“मंग आता माह्यावरून शिकवा त्याले.”

तारसाहेब त्या दिवशी प्रथमच हसले. “तुझ्या एकट्यावरून शिकवलं, तर ते बाकी साऱ्याइले चोर म्हणेल रे.”

“मंग म्हणू द्या ना जी.”

तारसाहेबांचे हसणे थांबले. त्यांनी स्टेशनच्या मागच्या, आता रिकाम्या खोलीकडे पाहिले आणि म्हणाले, “दुसरं यंत्र आणीन.”

त्यांनी आणले नाही. वर्ष संपण्याआधी त्यांची बदली झाली, आणि ती अशा ठिकाणी, जेथे फाटक नव्हते. निवृत्तीनंतर ते सौंसरला जाऊन राहिले.

अलीकडे वर्तमानपत्रात वाचतो की रेल्वेचे सिग्नल, विमानतळ, रस्ते यांच्या यंत्रणांत दूर बसलेले लोक घुसतात, आणि त्यांना ओळखण्यासाठी संगणकांना त्या यंत्रणांची रोजची सवय शिकवतात. बातमी लिहिणाऱ्यांना हे नवे वाटते. ती सवय तपासायला खांबावर कोण चढले होते, हे त्या बातम्यांत नसते.

मी सौंसरला त्यांना शेवटचा भेटलो तेव्हा त्यांच्या पत्नी हयात नव्हत्या. दार मी वाजवले. ते उघडायला बराच वेळ लागला. मी त्यावरून काही निदान करू शकलो नाही. घरात टेलिफोन नव्हता. चहा त्यांनी स्वतः केला आणि ढवळायला चमचा घेतला. मी चमच्याकडे पाहतो आहे हे त्यांच्या लक्षात आले असावे.

पांढुर्ण्याच्या चार गोष्टी झाल्या. मग त्यांनी विचारले, “झिबल रिटायर झाला?”

“मागच्या वर्षी झाला.”

“नंबर शेवटपर्यंत उशिरानंच द्यायचा?”

“शेवटपर्यंत.”

ते कप हातात धरून बसले. चहा निवत होता.

“म्हणजे,” ते म्हणाले, “आपल्या शिकाऊनं त्याच्यावर शेवटपर्यंत घंटी वाजवली असती.”